गोव्यात जुन्या मॉरिस मायनरच्या ब्रेकचं सामान कुठे मिळेल?

तुम्ही लिहिलंय की आजोबांची १९५८ची मॉरिस मायनर म्हापशाला घरी उभी आहे, पेडल दाबलं की थेट खाली टेकतं, दुकानदार गाडीचं नाव ऐकूनच मान हलवतात आणि मेस्त्री म्हणतात, मारुतीचे ब्रेक बसवून टाकू.

मारुतीचे ब्रेक बसवू देऊ नका. त्यासाठी पुढच्या चाकांच्या बैठकीत कापाकापी आणि वेल्डिंग होणार, आणि स्टिअरिंगला जोडलेल्या भागावर गल्लीतलं वेल्डिंग मला कधीच मान्य होणार नाही. शिवाय गरजच नाही. या ब्रेकमध्ये बहुतेक वेळा रबर जातं, ब्रेक ऑईलचा दाब पेलणाऱ्या सिलिंडरच्या आतल्या भिंतीला गंज लागतो. बाकीचं लोखंड सहसा शाबूत असतं. म्हणून नवीन सिलिंडर शोधत फिरण्याआधी आहे तो वाचवायचा बघा.

दुकानात गाडीचं नाव सांगू नका. सिलिंडर उघडा, पुसा, अंगावरचे ओतीव आकडे वाचा, आतला व्यास व्हर्नियरने मोजा आणि तो भागच काउंटरवर ठेवा. तुमच्या गाडीला पुढच्या प्रत्येक चाकात दोन आणि मागच्या प्रत्येक चाकात एक, असे सहा व्हील सिलिंडर आहेत. पेडलने दाबला जाणारा मुख्य, म्हणजे मास्टर सिलिंडर बॉनेटखाली सापडणार नाही, तो ड्रायव्हरच्या पायाखाली चॅसीत आहे. गालिचा उचलला की ऑईल भरायचं बूच दिसेल. तो काढताना टॉर्शन बार (पुढच्या सस्पेन्शनची पीळ घेणारी सळई) आडवा येतो, तेव्हा मेस्त्रींना घाई करू देऊ नका. आपल्याकडच्या पावसात गाडीचा तळ ओला राहिला की पहिला बळी याच सिलिंडरचा जातो.

आतली भिंत हाताला गुळगुळीत लागली तर नुसतं रबर किट पुरेल. खड्डे पडले असतील तर बाही बसवून घ्यायची: आतून बोअर करून स्टेनलेस स्टीलची नळी ठोकायची आणि मूळ व्यासाला होनिंग करायचं, म्हणजे आतून घासून गुळगुळीत करायचं. हे काम मी चोर्ला घाट चढून बेळगावच्या उद्यमबागेत करून घेतो. कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरातही असे हात आहेत. गोव्यातले लेथवाले ड्रम छान टर्न करून देतात, पण बाहीच्या कामाला रोज हायड्रॉलिकचं काम करणारा माणूस हवा. शूजना (ड्रमला आतून दाबून चाक थांबवणारे भाग) लायनर, म्हणजे घासणारा थर, मात्र इथेच मारून मिळतील. डिचोली, कुडचड्याकडे खाणीच्या ट्रकांची कामं करणाऱ्यांना विचारा. जुन्या लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असण्याची शक्यता धरून चाला. ड्रम उघडल्यावर कॉम्प्रेसरने धूळ उडवू देऊ नका, ओल्या फडक्याने पुसा.

रबर किट, होस पाईप आणि शूज इंग्लंडहून मागवा. ही गाडी १९४८ पासून दोन दशकांहून जास्त काळ बनली, सोळा लाखांच्या आसपास निघाल्या, त्यामुळे तिचे सुटे भाग तिकडे आजही नव्याने बनतात. किट हलकं असतं, टपालखर्च फार येत नाही. कस्टम ड्युटी मात्र धरून चला. मागवताना वर्ष ठळक लिहा. तुमच्या ९४८ सीसीच्या गाडीला चारही ड्रम ७ इंची आहेत. १९६२ नंतरच्या १०९८ सीसीच्या गाडीला पुढचे ८ इंची, आणि ते शूज तुमच्या कामाचे नाहीत. मुंबईच्या ऑपेरा हाउसजवळच्या किंवा पुण्याच्या नाना पेठेतल्या सुट्या भागांच्या बाजारात कुणी जुन्या खोक्यातलं ‘ओरिजिनल’ रबर दाखवलं तर मोह आवरा. पन्नास वर्षं खोक्यात पडलेलं रबर वापरलं नसलं तरी म्हातारंच असतं.

सगळ्यात धोक्याची जागा पाईपच्या नटाची. मायनरचा नट ३/८ इंची, म्हणजे ९.५३ मिमी, आजकालच्या गाड्यांचा १० मिमी. इंची नट १० मिमीच्या भोकात आरामात फिरतो, बसल्यासारखा वाटतो, आणि जोरात ब्रेक मारला की सुटू शकतो. आणि या गाडीला ब्रेकची एकच लाईन आहे. एका जागी गळती झाली की चारही चाकांचा ब्रेक जातो. म्हणून दुकानातला ‘चालून जाईल’ असा पाईप घेऊ नका. जुने नट सांभाळून ठेवा आणि नव्या पाईपवर तेच चढवा.

ब्रेक ऑईल डॉट ३ किंवा डॉट ४ या प्रतीचं घाला. ते हवेतली ओल शोषतं: ताज्या डॉट ३चा उत्कलनबिंदू किमान २०५ अंश असतो, ओल धरलेल्याचा १४०पर्यंत उतरतो, आणि सिलिंडर आतून गंजतो तोही त्याच ओलीमुळे. गाडी उभी असली तरी दर दोन वर्षांनी, शक्यतो पावसाळा सरल्यावर, सगळं ऑईल बदला. रबर लागलेला कुठलाही भाग पेट्रोल, डिझेल किंवा रॉकेलने धुवू देऊ नका, रबर फुगतं. स्पिरिट नाहीतर ताजं ब्रेक ऑईलच वापरा.

ब्रेकच्या पाईपांत अडकलेली हवा (एअर) काढून झाली की इंजिन सुरू न करता पेडल पूर्ण जोराने दाबून मिनिटभर धरा. ते हळूहळू खाली सरकलं तर गाडी अंगणाबाहेर काढायची नाही. मास्टर सिलिंडरचं रबर पुन्हा बघा. घट्ट राहिलं तर चारही चाकांमागे टॉर्च मारा, कुठे ओल दिसते का ते पाहा. हँडब्रेक वेगळ्या केबलवर आहे, तोही आधी ताणून घ्या, आणि पहिली फेरी सपाट मोकळ्या रस्त्यावर मारा. सिलिंडरवरचे आकडे आणि व्यास इथे लिहिलात तर कुठलं किट मागवायचं ते मी सांगतो.