काजूबागेतील रानकृष्णकमळ आणि त्यावरच्या काटेरी अळ्या

प्रश्न (सिंधुदुर्गातील काजू बागायतदार): कुंपणावरून बागेत शिरलेल्या, उग्र वासाच्या वेलीवर तांबूस काटेरी अळ्या झुंडीने दिसतात. त्या कलमांवर जातील का? कोणते औषध मारावे? की वेल अळ्यांनाच खाऊ द्यावी?

उत्तर: औषध मारू नका. वर्णनावरून ही वेल रानकृष्णकमळ, म्हणजे पॅसिफ्लोरा फेटिडा वाटते. कळी आणि फळाभोवती चिकट, जाळीदार आवरण दिसले की ओळख पक्की समजा. ही मूळची उष्ण कटिबंधातील अमेरिकेची. अळ्या मात्र आपल्याकडच्याच, टॉनी कोस्टर या संथ उडणाऱ्या नारिंगी फुलपाखराच्या. काजू किंवा आंब्याला त्या तोंड लावत नाहीत. पॅशन फ्रूट लावले असेल तर तेवढे लक्ष ठेवा, ते याच कुळातले. तिथेही अळ्या दिसल्या तर हाताने वेचा.

वेल अळ्यांवर सोपवायचा विचार मात्र सोडा. पाने फस्त झाली तरी मूळ शाबूत राहते आणि ओल मिळताच पुन्हा फुटवे येतात. शिवाय पिकलेली फळे पक्षी खातात आणि बी शेजारच्या बागेत टाकतात. ऑस्ट्रेलियात हे फुलपाखरू 2012 मध्ये पोचले. तिथे ही वेल आधीपासून माजलेली होती आणि आजही आहे.

फुलपाखरासाठी वेल राखावी, असेही काही जण सुचवतात. मला ते पटत नाही. ही वेल येण्याआधीही टॉनी कोस्टर इथे होतेच. गवतात उगवणारे रतनपुरुष हे त्याच्या अळ्यांचे आपल्याकडचे खाद्य. बांधावरचे ते रोप बेणताना राखले तर फुलपाखराची सोय होते.

वेल काढायची ती पावसाळ्यात, जमीन मऊ असताना, फळे धरण्याआधी आणि मुळासकट. लहान कलमांवर चढलेली वेल ओढू नका, शेंडे मोडतात. आधी बुंध्याशी कापा, सुकली की उतरवा. कुंपणावर अळ्या असतील तर तेवढा भाग कोष होईपर्यंत ठेवायला हरकत नाही, पण त्यावरची फळे आधी तोडा. पुढच्या पावसात बियांची रोपे उगवतील, तीही कोवळी असतानाच उपटा.

काढलेला पाला शेळ्यांपुढे टाकू नका. त्यात सायनाइड तयार करणारी द्रव्ये असतात.