घरावर बांबू बांधून साथ थांबते का?

(गावपातळीवरच्या आरोग्याबद्दल वाचकांनी पाठवलेल्या प्रश्नांना या सदरात उत्तरं देतात यवतमाळ जिल्ह्यातले एक निवृत्त आरोग्य सहायक.)

प्रश्न : काका, मी ग्रामपंचायत सदस्य आहे. आमच्या गावात आता कोरोनाचं नाव काढलं की लोक हसतात. तेव्हा गावाच्या वेशीवर बैलगाडी आडवी लावली होती, पुण्याहून आलेल्या पोरांना शाळेत ठेवलं होतं, रुग्ण निघालेल्या एका घराला तर कोणी बाहेर येऊ नये म्हणून बांबू बांधले होते. सरकारनं एवढं सगळं करूनही २०२१ मध्ये माणसं गेलीच. मग त्या सगळ्याचा उपयोग काय झाला? पुन्हा अशी साथ आली तर ग्रामपंचायतीनं काय करावं?
– एक वाचक, ता. दारव्हा

उत्तर : दादा, लोक हसतात हे बरंच म्हणायचं. पण तुम्ही दोन वर्षांची मोट एकत्र बांधली आहे, ती आधी सोडू. २०२० आणि २०२१ ही दोन वेगळी प्रकरणं आहेत, आणि पहिल्या वर्षी आपण जसं वागलो त्याची किंमत दुसऱ्या वर्षी मोजली, असं माझं मत आहे.

पुण्यात ९ मार्च २०२० ला राज्यातले पहिले रुग्ण सापडले आणि लगेच ११ तारखेला नागपुरात एक. १३ मार्चला राज्य सरकारनं १८९७ चा साथरोग कायदा लागू केला. हा कायदा मुंबई-पुण्याच्या प्लेगच्या वेळचा. तेव्हा पुण्यात गोरे सोजीर घराघरांत शिरून रोगी शोधत आणि लोक आपली आजारी माणसं लपवत. त्यातूनच रँडचा खून झाला, चापेकर बंधू फासावर गेले. हे आपण शाळेत शिकलो, पण अधिकाऱ्यांनी त्यातून जे शिकायला पाहिजे होतं ते शिकले असं मला वाटत नाही. कायदा तोच आणि माणसंही तीच. कोंडतील म्हटलं की लपवणारच.

आपल्याकडे लपवालपवी सुरू झाली ती मे २०२० पासून. आठवा, टाळेबंदीनं कापूस खरेदी बंद पडली होती. नंतर केंद्रं उघडली, पण दिवसाला मोजक्याच गाड्या घ्यायचे. घराघरांत कापूस पडून, पावसाळा तोंडावर, आणि कधी एकदा आपला नंबर लागतो याची वाट. अशा वेळी गावात एक रुग्ण निघाला की अख्खी वस्ती प्रतिबंधित क्षेत्र. ज्याच्या घरी कापूस आहे तो ताप सांगेल काय? एका म्हाताऱ्या गड्याला मी विचारलं, अंगात कणकण आहे का? तो म्हणाला, "काई नाई जी, ऊन लागलं मले." डोळे लाल झालेले आणि बोलताना धाप लागलेली. पण मागे सुनेनं दाराची कडी हातात धरून ठेवली होती. मी निघायचीच वाट पाहत होती ती.

म्हणजे सगळंच चुकलं का? नाही. १५ सप्टेंबर २०२० पासून 'माझे कुटुंब, माझी जबाबदारी' ही मोहीम निघाली. जाहिरातबाजी म्हणून तेव्हा पुष्कळांनी नाकं मुरडली. पण माझ्या मते राज्यानं खेड्यांसाठी केलेलं सगळ्यात शहाणपणाचं काम तेच. आशा आणि स्वयंसेवक घरोघरी गेले. तापमान, ऑक्सिजन तर पाहिलाच, पण कोणाला शुगर, कोणाला बीपी, कोणाची किडनी खराब, कोण टीबीचा, हेही लिहून घेतलं. अशी यादी त्याआधी गावाकडे नव्हतीच. दुसऱ्या लाटेत रात्री-अपरात्री फोन यायचे, तेव्हा कोणाकडे आधी जायचं हे आम्ही त्याच रजिस्टरवरून ठरवलं. साठी उलटलेला, शुगरचा, एकटा राहणारा : अशांच्या नावापुढे लाल पेनानं खूण. बाकी मोहिमा पोस्टरवरच राहिल्या, ही मात्र उपकेंद्राच्या कपाटात शिल्लक राहिली.

दुसरी लाट विदर्भातच आधी दिसली. १५ जानेवारी २०२१ ला राज्यात सुमारे १४ हजार ग्रामपंचायतींची निवडणूक झाली (तुम्हीही त्यातच निवडून आला असाल, म्हणून जपून लिहितो), मग लग्नसराई. फेब्रुवारीत अमरावती, यवतमाळ, अकोल्याचे आकडे वर चढले आणि २२ फेब्रुवारीपासून अमरावती आणि अचलपूर आठवडाभर बंद झालं. मुंबई-पुण्यात तेव्हा दुकानं बऱ्यापैकी उघडी होती. अमरावतीच्या नमुन्यांत विषाणूचं बदललेलं रूप सापडल्याच्या बातम्या आल्या. पुढे ज्याला डेल्टा म्हणाले तो त्याच घराण्यातला. आपल्याकडून निघालेला इशारा राज्याला मिळाला होता, पण सगळ्या राज्यासाठी कडक निर्बंध यायला १४ एप्रिल उजाडला.

त्या एप्रिल-मे महिन्यांत गावात काय झालं हे तुम्हाला मी सांगायला नको. लोक तापात वावरात जात होते. तपासणीच्या रांगेत उभं राहायला तयार नव्हते, कारण मागच्या वर्षीचे बांबू कोणी विसरलं नव्हतं. "नेतीन अन् मंग माणूस परत नाई येत," हे वाक्य मी घरोघरी ऐकलं. दवाखान्यात आणेपर्यंत ऑक्सिजन ७० वर उतरलेला. अशा माणसाला तालुक्याच्या ठिकाणी काही करता येत नव्हतं, आणि मोठ्या दवाखान्यात खाट नव्हती. विशाखापट्टणमहून ऑक्सिजनचे टँकर रेल्वेवर चढवून २३ एप्रिलला नागपुरात आणले होते, यावरून ओळखा.

२५ मेच्या सुमारास सरकारनं अकोला, अमरावतीसह १८ जिल्ह्यांत घरी विलगीकरण बंद केलं. सगळ्यांना कोविड केअर सेंटरला हलवा म्हणाले. हेतू चांगला होता. एका खोलीत पाच माणसं राहत असतील तर घरातलं विलगीकरण नावालाच. पण आदेश काढणाऱ्याला बैल दिसत नाही. मी ज्या गावात होतो तिथला एक शेतकरी केंद्रावर यायला तयारच नव्हता. दोन दिवस समजावलं, पोलीस पाटील झाले, तलाठी झाले. शेवटी आशाताईनं विचारलं, "बैलांचं कोण पायते?" तेव्हा कळलं की अडलं ते तिथेच. शेजाऱ्यानं चारापाणी करायचं कबूल केलं आणि गडी आपणहून गाडीत बसला.

म्हणून ग्रामपंचायतीनं काय करावं, याचं माझं उत्तर इथूनच निघतं. रोग्याला वेगळं ठेवायचं असेल तर आधी त्याची ढोरं, त्याची पराटी (कपाशी), त्याच्या घरचं रेशन याची सोय लावा. मे २०२१ मध्ये सरकारनं १५ व्या वित्त आयोगाच्या निधीतला काही भाग गावात विलगीकरण कक्ष उभारायला वापरायची मुभा दिली होती. कित्येक गावांनी त्यातून गाद्या आणल्या, पण शेजाऱ्याच्या चारापाण्याला पैसे लागत नाहीत आणि तेच कोणी ठरवलं नाही. शुगर-बीपीची यादी दर वर्षी उपकेंद्राकडून ताजी करून घ्या, ग्रामसभेत नावं मात्र वाचू नका. आणि घराला बांबू बांधू नका. एका घराला बांबू बांधले की दहा घरं तोंड बंद करतात.

आणखी एक. आशांचं मानधन वेळेवर निघतं का, हे तुम्ही सदस्य म्हणून विचारत जा. जून २०२१ मध्ये राज्यातल्या सुमारे ७० हजार आशा संपावर गेल्या, तेव्हा कुठे महिन्याला हजार रुपये वाढ आणि ५०० रुपये कोविड भत्ता कबूल झाला. सगळी साथ त्यांच्या चपलांवर चालली होती.

प्रश्न : माझे पती मे २०२१ मध्ये घरीच वारले. गावच्या केंद्रावर अँटिजेन तपासणी पॉझिटिव्ह आली होती, त्यानंतर बारा-तेरा दिवसांनी गेले. मृत्यू दाखल्यात कोरोना लिहिलेलं नाही, म्हणून कोरोनानं गेलेल्यांच्या घरच्यांना मिळणारी पन्नास हजारांची सरकारी मदत मिळणार नाही असं सेतूवाल्यानं सांगितलं. मीही मग अर्ज केला नाही. मुलगी नववीत आहे. आता काही होईल का?
– एक वाचक भगिनी, ता. दर्यापूर

उत्तर : ताई, सेतूवाल्यानं तुम्हाला चुकीचं सांगितलं. दाखल्यात कोरोना नाही एवढ्याच कारणावरून मदत नाकारता येणार नाही, असं सर्वोच्च न्यायालयानं ४ ऑक्टोबर २०२१ लाच बजावलं होतं. तपासणीपासून ३० दिवसांच्या आत मृत्यू झाला असेल, तर तो घरी झाला तरी धरला जातो. म्हणजे तुमचं प्रकरण नियमात बसत होतं.

अडचण मुदतीची आहे. २० मार्च २०२२ आधीच्या मृत्यूंसाठी न्यायालयानं ६० दिवस दिले होते, ते केव्हाच संपले. मात्र खरोखर अडचणीमुळे ज्यांना वेळेत अर्ज करता आला नाही, त्यांनी जिल्ह्याच्या तक्रार निवारण समितीकडे जावं आणि समितीनं प्रकरण पाहून ठरवावं, हेही त्याच आदेशात आहे. मिळेलच अशी खात्री मी देत नाही. पण जिल्हाधिकारी कार्यालयात लेखी अर्ज द्या, उशीर का झाला ते साध्या भाषेत लिहा आणि पोच घेतल्याशिवाय तिथून हलू नका. अँटिजेनचा कागद हरवला असेल तर घाबरू नका. तेव्हाच्या तपासण्यांची नोंद ऑनलाइन होत होती. पतीचा त्या वेळचा मोबाइल नंबर घेऊन आधी प्राथमिक आरोग्य केंद्रात आणि तिथे नाही जमलं तर जिल्हा आरोग्य अधिकाऱ्यांकडे विचारा.

त्या अर्जाच्या भरवशावर मात्र राहू नका. मुलीसाठी बालसंगोपन योजनेचा अर्ज जिल्हा महिला व बालविकास अधिकाऱ्यांकडे याच महिन्यात करा. एक पालक गेलेल्या मुलांनाही ती मिळते, महिन्याला २,२५० रुपये, अठरा वर्षांपर्यंत. ती नववीत आहे, म्हणजे उशीर केला तर तुमचेच महिने जातात. उत्पन्नाच्या अटीत बसत असाल तर संजय गांधी निराधार योजनेचा अर्जही तहसीलमध्ये द्या.

प्रश्न : आशाताईनं वाटलेली आर्सेनिक अल्बमच्या होमिओपॅथी गोळ्यांची बाटली आणि तेव्हा घेतलेलं ऑक्सिमीटर अजून घरी आहे. वापरता येईल का?
– एक वाचक, ता. मोर्शी

उत्तर : बाटली फेकून द्या. त्या गोळ्यांनी कोरोना टळतो असा भरवशाचा पुरावा तेव्हाही नव्हता. वाटायला मात्र ती बाटली फार सोपी होती, म्हणून घरोघरी पोहोचली.

ऑक्सिमीटर ठेवा. दम्याच्या, हृदयाच्या माणसाला ते आजही कामाचं आहे. फक्त बोट नीट पाहून लावा. आमच्या भागातल्या बायांच्या नखांवर मेंदी असते, तिनं आकडा चुकू शकतो. हिवाळ्यात सकाळी कापूस वेचून आलेल्या बाईचा हात गार पडलेला असतो, तिचं ८८ दाखवलं म्हणून लगेच गाडी काढू नका. हात चोळून गरम करायला सांगा, मेंदी नसलेलं बोट घ्या, मिनिटभर हात हलवू देऊ नका, मग पुन्हा पाहा. तरीही ९४ च्या खाली येत असेल तर थांबू नका, दवाखान्यात न्या. आणि रोज लागत नसेल तर सेल काढून ठेवा. आतच गळले की मशीन बाद.