आत्याबाईंबद्दल प्रेम वाटत नाही, मग माझं ध्यान फुकट का?

"मॅडम, करुणेचं ध्यान करते, पण मनात करुणा येतच नाही. उलट राग येतो. मी मुळातच वाईट आहे का?"

ध्यान शिकवताना मला हे वारंवार विचारलं जातं. शब्द थोडेफार बदलतात, प्रश्न हाच असतो. विचारणाऱ्या बहुतेक जणी घरात कुणाची तरी सेवा करत असतात. आमचं मिरज म्हणजे दवाखान्यांचं गाव, पार कर्नाटकातून माणसं इथे उपचाराला येतात. शस्त्रक्रिया होते, औषधं सुरू होतात, डिस्चार्ज मिळतो. पुढची वर्षं मात्र घरातल्या एकाच बाईच्या वाट्याला येतात, आणि तिच्या नावाची फाईल कुठल्याच दवाखान्यात नसते.

सांगलीत विश्रामबागला राहणाऱ्या एका ताईंबद्दल लिहिते आहे. ओळख पटू नये म्हणून तपशील बदललेत, आणखी दोघीतिघींचे अनुभवही त्यात मिसळलेत. ताई पन्नाशीच्या अलीकडच्या. त्यांच्या सासूबाईंना, म्हणजे आत्याबाईंना, अर्धांगवायू होऊन तीन वर्षं झालेली. पाठीला जखमा होऊ नयेत म्हणून दर दोन तासांनी कूस बदलायची, शिवाय भरवणं, डायपर, औषधं. ताई एका शिबिरात ध्यान शिकून आल्या होत्या. श्वास घेताना समोरच्याचं दुःख आत घ्यायचं, सोडताना त्याला सुख द्यायचं. रोज रात्री, कामं आवरल्यावर, आत्याबाईंच्याच खोलीत बसून त्या हे करत. महिनाभरात झोप उडाली, मान धरली, आणि आत्याबाईंची हाक आली की छातीत धडधडू लागलं.

"दुःख आत घेता म्हणजे नेमकं काय करता?" मी विचारलं.

"त्यांच्या जागी मी पडलीय असं डोळ्यापुढं आणते. हात हलत नाही, बोलता येत नाही. मग रडू येतं. मग लग्न होऊन आल्यावर त्या काय काय बोलल्यात ते आठवतं आणि राग येतो. आजारी माणसावर राग धरते म्हणून मग स्वतःचीच लाज वाटते."

ही पद्धत तिबेटी परंपरेतली, तिला टोंगलेन म्हणतात. दुःख स्वीकारायची सुरुवात स्वतःपासून करा, असं त्या परंपरेतच सांगितलेलं आहे. छोट्या शिबिरात नेमकं हेच सुटतं. मैत्रीभावनेचा, म्हणजे दुसऱ्याचं भलं चिंतायच्या ध्यानाचा, क्रम तर पाचव्या शतकात बौद्ध भाष्यकार बुद्धघोषांनी तपशिलात लिहून ठेवला आहे. आधी स्वतः, मग आदर वाटतो असं माणूस, मग जिवलग, मग ज्याच्याशी ना प्रेम ना वैर असा कुणी, आणि ज्याच्याशी बिनसलंय तो शेवटी. ज्याचा राग येतो त्याच्यापासून सुरुवात करू नये, असं ते स्पष्ट बजावतात. ताईंनी शेवटची पायरी पहिली धरली होती. त्याहून मोठी गोष्ट म्हणजे त्या जे करत होत्या ती करुणा नव्हती, दुसऱ्याच्या वेदनेत स्वतः बुडणं होतं. ओल्गा क्लिमेकी आणि टानिया सिंगर या मेंदूवैज्ञानिकांनी केलेला एक अभ्यास 2014 साली प्रसिद्ध झाला. त्यात लोकांना आधी इतरांची वेदना आपल्यात अनुभवायला शिकवलं. दुःखाची दृश्यं पाहताना त्यांचा त्रास वाढला. नंतर त्याच लोकांना करुणेचा सराव दिला, तेव्हा तो त्रास उतरला, चांगल्या भावना वाढल्या आणि मेंदूतली वेगळीच जाळी कामाला लागलेली दिसली. सेवा करून थकलेल्या माणसाला 'अजून जाणून घ्या, अजून समरस व्हा' असं सांगणं मला म्हणूनच घातक वाटतं. समोरच्याचं बरं व्हावं अशी इच्छा धरायची, आणि ती धरताना आपण आपल्या जागी शाबूत राहायचं. मी करुणा म्हणते ती एवढीच.

"आत्याबाईंना ध्यानातून काही दिवस सुट्टी देऊ," मी म्हटलं. "कुणाला बघितलं की तुम्हाला लगेच बरं वाटतं?"

मुलीचं नाव निघालं, पण पाठोपाठ तिच्या लग्नाची काळजी आली. मालकांचं नाव घेताना चेहरा आखडला. बऱ्याच वेळानं म्हणाल्या, "माहेरी कवठे महांकाळला एक कालवड आहे. मी गेले की हात चाटते. पण ध्यानात जनावर चालतंय व्हय?"

चालतं. काहीही न मागणारा जीव सुरुवातीला फार उपयोगी पडतो. एरवी माणूस निवडायचं तर हयात असलेलं निवडावं. गेलेल्या माणसाची आठवण सुरुवातीला शोकाकडे ओढून नेते.

सराव असा ठरला. वेळ सकाळची, पहिल्या चहानंतर, एकूण दहा मिनिटं. रात्री नको, थकलेलं शरीर एकतर झोपतं नाहीतर रडतं. जागा आत्याबाईंच्या खोलीबाहेर. खुर्ची चालेल, तळवे जमिनीला टेकलेले हवेत. पहिली दोन मिनिटं फक्त श्वास, चार आकड्यांत आत आणि सहा आकड्यांत बाहेर. बाहेर जाणारा श्वास लांबला की शरीर निवळतं. पुढची चार मिनिटं कालवड डोळ्यांपुढे आणायची आणि श्वास सोडताना एकेक वाक्य मनात म्हणायचं: सुखात राहा, निर्धास्त राहा, तुला विसावा मिळो. त्यानंतर तीन मिनिटं तीच वाक्यं स्वतःसाठी, एक हात छातीवर ठेवून. शेवटचं मिनिट नुसतं बसायचं. वाक्यं तीनच, घरात बोलतो त्या भाषेतली. पुस्तकी शब्दांवर मन बसत नाही.

इथे बहुतेक जणी एकाच ठिकाणी अडतात. वाक्य म्हणायचं आणि लगेच आत चाचपायचं, काही वाटलं का? प्रेम वाटलंच पाहिजे या हट्टाने भावना आणखी दूर पळते. इच्छा धरणं आपल्या हातात असतं, भावना येणं नसतं. वाक्य मनापासून म्हटलं की त्या दिवसाचं काम झालं.

दुसरी अडचण स्वतःच्या वाट्याच्या तीन मिनिटांत येते. ताईंना तिथे हुंदका फुटायचा. कित्येक वर्षं स्वतःशी कुणी मऊ बोललेलं नसलं की पहिल्या मऊ शब्दासरशी साठलेलं वर येतं. याने घाबरू नये, आणि रेटूनही नेऊ नये. डोळे उघडायचे, तळव्यांना फरशीचा गारवा जाणवू द्यायचा, खोलीतल्या चारपाच वस्तूंची नावं मनात घ्यायची आणि परत कालवडीकडे जायचं. पहिल्या आठवड्यात स्वतःसाठी एक मिनिट जमलं तरी पुरे.

सहाव्या आठवड्यात ताई आल्या त्या बसायच्या आधीच बोलू लागल्या.

"काल रात्री कूस बदलताना आत्याबाईंनी माझा दंड गच्च धरला. नेहमीच धरतात. मला वाटायचं, मुद्दाम त्रास देतात. काल दिसलं, त्या पडायला भितात."

"मग?"

"काय नाही. म्हटलं, धरलंय मी. आणि सावकाश फिरवलं."

"राग?"

"आहे की. जुनं सगळं आहेच. पण त्या वेळेला मधे आला नाही."

हे ऐकायला मिळावं म्हणून मी हे काम करते. आत्याबाई ध्यानात अजून आल्याच नव्हत्या. ताईंना त्यांच्याबद्दल प्रेम वाटलं नव्हतं, माफी तर दूरच. फक्त ताईंचं स्वतःचं मन सतत सावध राहून थकायचं थांबलं होतं. धोक्याच्या पवित्र्यात असलेल्या मनाला समोर फक्त धोका दिसतो, तो दंड धरणारा हातसुद्धा हल्लाच वाटतो. ते मन जरा विसावलं आणि तोच हात घाबरलेल्या म्हातारीचा दिसला. प्रगती कशावरून ओळखायची असं मला विचारतात तेव्हा मी हेच सांगते: ध्यानात किती ऊब वाटली ते मोजू नका, दिवसभरात समोरच्याचं काही नव्याने दिसलं का ते बघा.

त्याच दिवशी जाता जाता ताई म्हणाल्या, "रोज स्वतःला म्हणते विसावा मिळो, आणि विसावा मागत कुणाकडंच नाही. हे कसं चालेल?" साताऱ्याच्या दिरांना त्यांनी स्वतः फोन केला. महिन्यातले दोन शनिवार-रविवार आता दीर-जाऊ येऊन सांभाळतात. करुणेनं माणूस मऊ पडतो, सगळं सोसत बसतो, अशी भीती अनेकांना असते. माझा अनुभव उलटा आहे. पतंजलींनी मैत्री, करुणा, मुदिता (दुसऱ्याच्या चांगल्यात आनंद) यांच्या जोडीला उपेक्षा ठेवली आहे, म्हणजे समोरच्याचं सगळंच आपल्या हातात नसतं हे शांतपणे मान्य करणं. ती नसेल तर करुणा हमाली होऊन बसते.

आत्याबाईंना क्रमात आणलं ते तिसऱ्या महिन्यात. त्याआधी दूधवाला, मग थोडीफार कुरबूर असलेली शेजारीण. कटुता दहापैकी तीनच्या वर नसेल असंच माणूस आधी घ्यावं आणि एका पायरीवर निदान दोन आठवडे थांबावं.

घरात मारहाण किंवा छळ चालू असेल तर छळणाऱ्यासाठी हे ध्यान करत बसू नका, आधी सुरक्षित जागा आणि मदत. झोप-भूक आठवडेच्या आठवडे गेलेली असेल, जुना आघात डोळ्यांपुढे जसाच्या तसा उभा राहत असेल किंवा जगणं नको वाटत असेल, तर ध्यान बाजूला ठेवून मानसोपचारतज्ज्ञांना भेटा. सरकारच्या टेलिमानस या मानसिक आरोग्य सेवेचा 14416 हा क्रमांक रात्रीअपरात्रीही लागतो, आणि तिथे मराठीत बोलता येतं.