कॅथलिक सिस्टरांनी मुलींच्या शिक्षणासाठी खरंच काही केलं, की शाळा हा नुसता धर्मप्रसाराचा बहाणा होता?

प्रश्नाखाली तुम्ही लिहिलंय की मुलीला सिस्टरांच्या शाळेत घालायचं चाललंय आणि घरातली मोठी माणसं "त्या बाटवतात" म्हणून अडून बसलीत. आमच्या घरात हा वाद मी शाळेत होते तेव्हापासून चालू आहे, म्हणून लिहायला बसले.

आधी एक घोळ मिटवते. जोतीरावांनी नगरला ज्यांची मुलींची शाळा पाहिली त्या मिस फरार नन नव्हत्या, त्या प्रॉटेस्टंट अमेरिकन मिशनच्या. सोलापुरातही अमेरिकन मराठी मिशनचं काम जुनं आहे, लोक सगळ्यांना एकाच माळेत ओवतात. सिस्टरांचा कारभार वेगळा. लोरेटो नावाच्या मंडळाच्या सिस्टर आयर्लंडहून १८४१ च्या अखेरीस कलकत्त्याला उतरल्या, प्रेझेंटेशन मंडळाच्या १८४२ मध्ये मद्रासला, आणि फ्रान्सच्या जीझस अँड मेरी मंडळाच्या त्याच वर्षी आग्र्याला. पण कोणासाठी? सुरुवातीला बहुतेक करून साहेबांच्या, गोऱ्या सोजिरांच्या आणि अँग्लो-इंडियन मुलींसाठी. सावित्रीबाई १८४८ मध्ये भिडेवाड्यात ज्या पोरींना शिकवत होत्या, त्या यांच्या वर्गात नव्हत्या. तेव्हा "सिस्टर नसत्या तर आपल्या बायका अडाणी राहिल्या असत्या" असं कोणी म्हणालं तर सरळ उठून जा.

मग त्यांनी केलं काय? माझं उत्तर इंग्रजी नाही, शिस्त नाही. त्यांनी बाईच्या हातात सही दिली.

मी सोलापूरच्या पूर्व भागातली. घरात तेलुगू, वडील मागावर, आई विड्या वळायची. नववीत असताना शाळेच्या मागच्या वर्गांवर नवे पत्रे घातले. आमच्या हेडमिस्ट्रेस मंगळूरकडच्या, उंचीनं जेमतेम, मराठी मोडकं. ठेकेदाराचं बिल आलं तेव्हा त्यांनी शिडी मागवली, पांढरा झगा एका हातात गोळा केला आणि चढल्या वर. मला खाली वही घेऊन उभं केलं. त्या वरून ओरडणार, मी रेघा मारणार. बिलात ४० पत्रे, छपरावर ३४. ठेकेदार आधी हसला, मग म्हणाला, "जाऊ द्या, मी फादरशी बोलतो." सिस्टर शिडीवरूनच म्हणाल्या, "फादर चर्चचा. शाळेचा चेक मी सही करते." सहा पत्र्यांचे पैसे कापले. शिवाय दोन पत्र्यांना गंजलेले खिळे होते, ते बदलून घेतले, तोवर माणसाला जाऊ दिलं नाही.

तो ठेकेदार नेमका माझ्या धाकट्या चुलत्यांचा दोस्त निघाला. संध्याकाळी चुलते घरी आले ते तणतणतच. बाईमाणूस पत्र्यावर चढतं, गड्याला हिशोब विचारतं, ही कसली देवाची माणसं? संसार जमला नाही म्हणून झगे घातलेत. पोरीला काढा तिथून, दोन हात विड्यांना तरी लागतील. वडील गप्प. आई सूप मांडीवर घेऊन वळत होती, तिनं मान वर न करता विचारलं, "मोजणी बरोबर होती का?" मी म्हटलं, बरोबर होती. "मग पोरगी शाळेतच राहील."

दुसऱ्या आठवड्यात ती मला कारखान्यात घेऊन गेली. तिथं तपासणारा मूठ-मूठ विड्या "खराब" म्हणून बाजूला काढायचा. त्यांचे पैसे नाहीत, आणि विड्या परतही नाहीत. मी वही उघडून त्याच्यासमोर बाजूला काढलेल्या विड्या मोजायला लागले. त्यानं शिव्या घातल्या, पण त्या दिवसापासून आईच्या हजारातल्या कमी विड्या बाद व्हायला लागल्या. आज मी एका टॉवेल कारखान्याचे हिशोब बघते. बी.कॉम. नंतर झालं, हिशोब त्या वहीत सुरू झाला.

हे बळ सिस्टरांना चर्चनं आपणहून दिलं असं समजू नका. आंजेला मेरिची या बाईनं १५३५ मध्ये इटलीत ब्रेशिया गावी उर्सुलिन मंडळ काढलं तेव्हा बायका आपापल्या घरी राहून काम करायच्या. पुढं १५६३ मध्ये ट्रेंटच्या धर्मपरिषदेनं ननांना मठाच्या भिंतीआड कोंडलं. इंग्लंडच्या मेरी वॉर्डनं ती भिंत नको म्हटलं, मुलींच्या शाळा काढल्या, बिशपाऐवजी आपल्यातल्याच बाईचा हुकूम मानू म्हणाली. १६३१ मध्ये पोप आठवा अर्बन यानं तिचं मंडळ मोडलं आणि तिला म्युनिकला कैदेत टाकलं. तिला संस्थापिका म्हणायला रोमनं १९०९ उजाडू दिलं. कलकत्त्याला उतरलेल्या लोरेटोच्या सिस्टर तिच्याच परंपरेतल्या. तिकडंही चुलते होतेच की!

शाळा स्वस्तात चालायच्या त्याचं कारणही ऐका: सिस्टरांचा पगार त्यांच्या हातात येत नाही, मंडळाकडं जातो. पैसेवाल्यांची बोर्डिंग शाळा आणि तिच्या जोरावर शेजारी गरिबांची फुकट शाळा, हा त्यांचा जुना हिशोब. अमेरिकेत १९६५ च्या सुमारास १,८०,००० च्या आसपास सिस्टर होत्या. नंतर संख्या घटत गेली, बाहेरच्या शिक्षकांना पूर्ण पगार द्यावा लागला, फी वाढली आणि हजारो शाळांना कुलपं लागली. फुकटच्या श्रमावर उभं राहिलेलं काम होतं ते, हेही विसरू नका.

आणि हो, त्या काही देवी नव्हत्या. आमच्या शाळेत तेलुगू बोललं की दंड, आणि बोटांवर पट्टी. जुन्या मठांत हुंडा आणणाऱ्या शिकलेल्या सिस्टर शिकवायच्या, गरीब घरच्या भांडी-धुणी करायच्या. आपल्याला ही उतरंड नवी नाही. कॅनडात आदिवासी मुलांना आई-बापांपासून तोडणाऱ्या निवासी शाळांतही सिस्टर होत्याच.

राहिलं धर्मांतर. आमच्या घरी आजही देव मार्कंडेयच, नारळी पौर्णिमेच्या रथापुढं माझी मुलं नाचतात. दुसऱ्या मुलखाचं मी सांगत नाही. चुलत्यांनी मात्र आता नातीच्या प्रवेशासाठी पहाटेपासून सिस्टरांच्या शाळेच्या फाटकाशी रांग लावली. म्हटलं, "आता का ओ?" म्हणाले, "इंग्रजी चांगलं होतं." इंग्रजी ट्यूशननंही होतं, काका!

तुम्ही शाळा बघायला जाल तेव्हा एवढं विचारा, इथल्या बिलांवर सही कोणाची? मुख्याध्यापिका समोर बसलेली असताना संस्थेचा कोणी दादा उत्तर द्यायला लागला, तर शाळा कोणत्याही धर्माची असो, दुसरी बघा.