वाचकांचे प्रश्न : पहिली ट्रॉफी सोळाव्या वर्षी

प्रश्न : सर नमस्कार. मी सोलापुरात एका कॉलेजात सीएचबीवर, म्हंजे तासाच्या हिशोबानी पगारावर आहे, मुलींची बास्केटबॉल टीम माझ्याकडं आहे. चार वर्षं झाली, दरवेळी इंटरकॉलेजला पहिल्या नाहीतर दुसऱ्या राउंडला बाहेर. यंदा स्टाफरूममध्ये सगळ्यांसमोर एकानी विचारलं, मॅडम एवढा घाम गाळताय, रिझल्ट कुठंय? आमचं कोर्ट सिमेंटचं, एका रिंगला नेट नाही, गॅदरिंगचा मंडप त्यावरच आणि परीक्षेला गाड्यापण तिथंच लावतात. मागच्या अंकात तुम्ही अमेरिकेतल्या जॉन वुडन या कॉलेज कोचचं नुसतं नाव घेतलं होतं, त्यांच्याबद्दल नीट सांगा ना. ते पहिल्यापासून जिंकत होते का? आणि मी अजून किती वर्षं वाट बघू?
— एक वाचक, विजापूर रोड

उत्तर : ताई, पत्र दोनदा वाचलं. पहिल्याचं उत्तर आधी देऊन टाकतो. नाही, पहिल्यापासून जिंकत नव्हते. 1932 मध्ये केंटकी राज्यातल्या डेटन गावात हायस्कूलला इंग्रजीचे मास्तर आणि कोच म्हणून लागले आणि पहिल्याच सीझनला टीम 6 मॅच जिंकली, 11 हरली. आणि हा माणूस साधा प्लेयर नव्हता, परड्यू युनिव्हर्सिटीकडून खेळताना तीन वेळा ऑल-अमेरिकन, म्हंजे त्या वर्षीच्या देशातल्या सगळ्यात भारी कॉलेज खेळाडूंत नाव. तरी हरले. स्वतःला खेळता येणं वेगळं आणि दुसऱ्याच्या हातात ते उतरवणं वेगळं, हे तुम्हाला मी सांगायला नको.

घर शेतकऱ्याचं. 1910 चा जन्म, इंडियाना राज्यातला, शेतावरच्या घरात ना लाईट ना नळ. पुढं वडलांचं शेतपण गेलं. वडलांचं पोराला सांगणं एवढंच, दुसऱ्यापेक्षा वरचढ व्हायच्या मागं लागू नको, तुला स्वतःला जेवढं चांगलं होता येईल तेवढं व्हायचं सोडू नको. लग्न तोंडावर आलं आणि बँक बुडाली, साठवलेले 909 डॉलर गेले. बँक बुडणं म्हंजे काय हे आपल्याकडच्या कित्येक घरांना माहितीय.

1948 ला लॉस एंजेलिसच्या यूसीएलए या युनिव्हर्सिटीत आले तेपण खरं तर मनाविरुद्ध. त्यांना मिनेसोटा युनिव्हर्सिटीत जायचं होतं, तिकडून फोन येणार होता, पण बर्फाच्या वादळानी लाईनी बंद पडल्या आणि ठरल्या वेळेला यूसीएलएचा फोन आला तर त्यांनी हो म्हणून टाकलं. नंतर मिनेसोटाचा लागला, पण शब्द दिला तो दिला, मागं घेतला नाही.

आता तुमच्या कोर्टाबद्दल. यूसीएलएची जिम तिसऱ्या मजल्यावर, हवा खेळत नाही, त्याच हॉलमध्ये एका बाजूला कुस्तीवाले, एका बाजूला जिम्नॅस्टिक्सवाले, फरशीवर धूळ. प्रॅक्टिसच्या आधी वुडन स्वतः मॅनेजर पोरांबरोबर पाणी मारून फरशी पुसायचे. एकदोन महिने नाही ताई, सतरा वर्षं. नवीन पॉली पॅव्हेलियन 1965 ला झालं आणि 1964 आणि 1965 ची नॅशनल चॅम्पियनशिप त्या धुळीच्या जिममध्ये प्रॅक्टिस करूनच आली. 1964 ची ती पहिली नॅशनल ट्रॉफी म्हंजे यूसीएलएतला त्यांचा सोळावा सीझन. पंधरा वर्षं नॅशनलची ट्रॉफी नाही.

त्याच्यापुढचं जे झालं ते पुरुषांच्या कॉलेज बास्केटबॉलमध्ये आजपर्यंत कुणाला जमलं नाही. 12 वर्षांत 10 चॅम्पियनशिप, 1967 ते 1973 सलग सात, चार सीझन तर 30 पैकी 30 मॅच जिंकले, आणि 1971 ते 1974 मध्ये सलग 88 विजय, जे शेवटी नोटर डेम युनिव्हर्सिटीच्या टीमनी 71-70 असे एका पॉइंटनी थांबवले. करीम अब्दुल-जब्बार (तेव्हा नाव ल्यू अल्सिंडोर) आणि बिल वॉल्टन हे त्यांचेच विद्यार्थी. लोक म्हणतात असले सात फुटी प्लेयर असल्यावर कोण नाही जिंकणार, पण 1964 च्या टीममध्ये स्टार्टिंग पाचात साडेसहा फुटाच्या वर एकही नव्हता, ती टीम पळून आणि फुल कोर्ट प्रेस लावून, म्हंजे समोरच्यांना सगळ्या कोर्टभर अडवून धरत जिंकली. तुमच्या पोरी उंच नसतील तर हीच गोष्ट त्यांना सांगा.

मला विचाराल तर वुडन समजायचे असतील तर ट्रॉफ्या बाजूला ठेवून मोजे बघावेत. सीझनच्या पहिल्या दिवशी ते प्लेयर्सना मोजे घालायला शिकवायचे. खरंच. मोजा वर ओढायचा, करंगळीपाशी आणि टाचेपाशी हात फिरवून एकपण सुरकुती राहिली नाही ना बघायचं, मोजा धरूनच बूट चढवायचा, लेस एकेका भोकातून ताणत आणायची आणि डबल गाठ. सुरकुती राहिली की फोड, फोड आला की प्रॅक्टिस बुडाली. वॉल्टनसारखा हायस्कूल गाजवून आलेला पोरगा बघत बसायचा की हे काय चाललंय. आणि बूट, आईबाप एक नंबर मोठा घेतात पाय वाढेल म्हणून, ते वुडन काढायला लावायचे.

हे वाचलं तेव्हा मला आपल्या इथली एक पोरगी आठवली. मी कॉलेज टीमबरोबर बरीच वर्षं काढलीत. एप्रिल महिना, साडेचार वाजलेले, सिमेंटचं कोर्ट अजून तापलेलं, आणि आमची सगळ्यात चपळ गार्ड ले-अपला (पळत येऊन रिंगजवळून टाकायचा शॉट) उडी मारायच्या ऐवजी नुसती पाय टेकवून बॉल टाकतीय. दोन दिवस मी तिच्यावर ओरडलो, लक्ष कुठंय म्हणून. तिसऱ्या दिवशी बूट काढायला लावला तर टाचेला रुपयाएवढा फोड फुटलेला, मोजा चिकटलेला. नवी पेठेतनं बाबांनी घेतलेले बूट, एक नंबर मोठे. पोरगी काही बोलली नाही, कारण बूट नवीन होते आणि घरी दुसरे मागायची सोय नव्हती. आतमध्ये जाड सोल टाकलं, मोजे दोन घातले, आठवड्यात उड्या परत सुरू. ते दोन दिवसांचं ओरडणं मला आजपण टोचतं.

ओरडण्यावरनं सांगतो. 1974-75 च्या सीझनला गॅलिमोर आणि थार्प हे दोन मानसशास्त्रज्ञ त्यांच्या 15 प्रॅक्टिस बघायला बसले आणि वुडन प्रत्येक वेळी काय बोलतात काय करतात ते टिपलं, 2,326 नोंदी झाल्या. त्यात शाबासकी सात टक्क्यांच्या आत आणि रागावणंपण जवळपास तेवढंच. बाकी बहुतेक सगळं नुसतं सांगणं, पाय असा ठेव, पास छातीवर दे, आता तिकडं पळ. छोटी छोटी वाक्यं. प्रॅक्टिसचं मिनिटामिनिटाचं नियोजन कार्डावर लिहून खिशात, त्याच्यासाठी सकाळी असिस्टंटबरोबर बसायचे. वेळेवर सुरू आणि वेळेवर बंद.

अजून एक, हे मला फार मोठं वाटतं. 1947 ला ते इंडियाना स्टेट कॉलेजला कोच होते, टीमला कॅन्सस सिटीच्या राष्ट्रीय स्पर्धेचं बोलावणं आलं, पण काळ्या खेळाडूंना खेळायची बंदी होती आणि टीममध्ये क्लॅरेन्स वॉकर होता, जास्त वेळ बेंचवर बसणारा. वुडननी स्पर्धाच नाकारली. पुढच्या वर्षी नियम बदलला, वॉकर खेळला, त्या स्पर्धेतला पहिला काळा खेळाडू. शेवटच्या बेंचवरच्या पोरासाठी टीम थांबवली त्यांनी.

किती वर्षं वाट बघू म्हणता. ताई, वर्षं मोजू नका, पोरी मोजा. पहिल्या वर्षी आलेल्यांपैकी किती जणी तिसऱ्या वर्षीपण मैदानावर आहेत, किती जणींना डाव्या हातानी ले-अप येतोय, फ्री थ्रो दहातले किती जातायत, हे वहीत लिहा आणि स्टाफरूममध्ये कुणी रिझल्ट विचारला की ती वही पुढं ठेवा. नेट मात्र मागून घ्या, लेखी अर्ज द्या, पावती घ्या. आणि सोडू नका, चार वर्षांत तर नाहीच नाही.

प्रश्न : मुलगा बीएच्या दुसऱ्या वर्षाला आहे, बास्केटबॉल कोच व्हायचं म्हणतोय. ह्याच्यात पोट भरतं का?
— एक पालक, बार्शी

उत्तर : दादा, दोन वाटा आहेत. कॉलेजात कायम व्हायचं तर बीपीएड, एमपीएड या शारीरिक शिक्षणाच्या पदव्या आणि नेट नाहीतर सेट ही पात्रता परीक्षा लागते, आणि तिथं एका माणसाला कबड्डीपासून बुद्धिबळापर्यंत सगळं बघावं लागतं. नुसतं कोचिंगच करायचं तर पटियालाच्या एनआयएस या कोच घडवणाऱ्या संस्थेचा डिप्लोमा, त्याला खेळाडू म्हणून चांगला रेकॉर्ड पाहिजे, म्हणून आत्ता त्याला खेळू द्या. पदवी मात्र पुरी करायला लावा, वुडनसुद्धा यूसीएलएला जायच्या आधी वर्गात इंग्रजी शिकवून घर चालवत होते.

प्रश्न : आमचे मिस्टर कोच आहेत. रविवार मैदानावर, सण मैदानावर. तुमच्या त्या मोठ्या कोचच्या बायकोनी कसं काढलं असेल हो?
— एक वाचक, जुळे सोलापूर

उत्तर : वहिनी, त्या बाईंचं नाव नेली, सगळे नेल म्हणायचे. शाळेतली ओळख, त्या बँडमध्ये कॉर्नेट (ट्रम्पेटसारखं वाद्य) वाजवायच्या. मॅच सुरू व्हायच्या आधी वुडन हातात कार्यक्रमपत्रिकेची गुंडाळी धरून प्रेक्षकांत त्यांना शोधायचे, त्या बोटांनी ठीक आहे अशी खूण करायच्या, मग मॅच. हायस्कूलच्या दिवसांपासून शेवटपर्यंत. 1975 ला शेवटची मॅच जिंकून निवृत्त झाले. 21 मार्च 1985 ला नेल वारल्या, आणि त्यानंतर दर महिन्याच्या 21 तारखेला वुडन त्यांना पत्र लिहायचे आणि त्यांच्या उशीवर ठेवायचे. पत्रांचा गठ्ठा होत गेला. 2003 ला पॉली पॅव्हेलियनच्या कोर्टाला वुडन यांचं नाव द्यायचं ठरलं, तर ते म्हणाले तिचं नाव आधी पाहिजे. म्हणून कोर्टवर आजपण नेल अँड जॉन वुडन कोर्ट असं लिहिलेलं आहे. मिस्टरांना हे वाचायला द्या, आणि पुढच्या मॅचला तुम्हीपण जाऊन बसा, त्यांना दिसाल अशा जागी.