शिवडीच्या दफनभूमीत नव्याने शोध घेणाऱ्यांसाठी

स्टीव्हन्सच्या थडग्यापासून सुरुवात करू नकोस. व्हीटी बांधणाऱ्या वास्तुविशारदावर पुष्कळ लिहून झालंय. 1865 पासूनच्या या ख्रिस्ती दफनभूमीत फिटर, आया, खलाशी, बँडवाले झोपलेत, त्यांच्याकडे वळ.

सकाळी लवकर जा, तिरक्या उन्हात झिजलेली अक्षरं उठून दिसतात. खडू घासायचा नाही, तारेचा ब्रश तर मुळीच नाही. साधं पाणी शिंपडलं की पुरतं. फोटो काढताना शेजारच्या दोन-तीन दगडांचेही घे. नवरा-बायको, दीर-भावजय बऱ्याचदा जवळपासच सापडतात. 1896 नंतरच्या तारखा एकमेकींना खेटून दिसल्या तर प्लेग आठव, 1918 च्या शेवटी दिसल्या तर इन्फ्लूएंझा.

दगड मात्र थोडकंच सांगतो, आणि तेही गोड गोड. खरी माहिती चर्चच्या नोंदवहीत: वय, धंदा, कधी मृत्यूचं कारणही. गोवेकर असेल तर गावाचं नाव टिपून ठेव. धोबीतलावच्या कुडी, म्हणजे गोवेकरांची सामायिक राहण्याची घरं, गावागावाच्या होत्या, त्यामुळे माणूस मुंबईत कुठे उतरला असेल याचा अंदाज बांधता येतो. शिवाय मुंबईत जागा कमी, म्हणून साध्या कबरी काही वर्षांनी उकरून अस्थी भिंतीतल्या कोनाड्यात ठेवतात. दगड नाही म्हणून माणूस नाही, असं धरू नकोस; कोनाड्यांवरच्या पाट्या वाच.

2 नोव्हेंबरला, ख्रिस्ती लोकांच्या मृतांच्या स्मरणदिनी, घरचे लोक मेणबत्त्या, झेंडूची फुलं घेऊन येतात. त्या दिवशी वही खिशातच राहू दे. त्यांची प्रार्थना होऊ दे, मग हळूच विचार. आणि लिहिण्याआधी त्यांची परवानगी घे, विशेषतः आत्महत्या किंवा दारूचा विषय असेल तर.