पूरग्रस्तांना मदत : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : आमच्या गणेशोत्सव मंडळातर्फे पूरग्रस्त गावांत टेम्पो पाठवायचा आहे. घरोघरी आवाहन केल्यापासून जुन्या कपड्यांचा ढीग लागलाय. टेम्पोत काय भरावं? (एक वाचक, ठाणे)

उत्तर : जुने कपडे घेणं आजच थांबवा. ते निवडायला माणसं लागतात, पावसात भिजले की कुजतात आणि आधीच चिखलाने हैराण झालेल्या नगरपालिकेच्या कचऱ्यात भर पडते. कपडे द्यायचेच तर नवी अंतर्वस्त्रं, टॉवेल, चादरी आणि सॅनिटरी पॅड द्या.

बाकीचं पाणी किती ओसरलंय त्यावर ठरवा. पाणी घरात असताना चूल पेटत नाही. तेव्हा चुरमुरे, फुटाणे, बिस्किटं, चिवडा असं न शिजवता खाता येणारं लागतं. पाणी उतरल्यावर पहिली गरज साफसफाईची. २०२१च्या जुलैत चिपळूण-महाडला घरांत आणि दुकानांत गाळ साचला होता. अशा वेळी फावडी, घमेली, खराटे, गमबूट, रबरी हातमोजे, फिनेल यांची किंमत कळते. पायाला जखम असेल तर गमबुटाशिवाय चिखलात उतरू नये, लेप्टोची (लेप्टोस्पायरोसिस या तापाची) भीती असते. शिधा द्यायचा तर गव्हाऐवजी पीठ द्या, कारण वीज नसते आणि गावची गिरणी बंद असते. चार माणसांच्या घराला आठवडाभरासाठी ५ किलो पीठ, ५ किलो तांदूळ, २ किलो डाळ, १ लिटर तेल, तिखट-मीठ, चहा-साखर, काडेपेटी आणि मेणबत्त्या पुरतात.

बाटलीबंद पाण्यावर पैसा घालवू नका. हजार लिटर म्हणजे एक टन, टेम्पो त्यातच भरतो. त्याऐवजी क्लोरीनच्या गोळ्या आणि झाकणाच्या बादल्या द्या. किती लिटरला किती गोळ्या, हे पाकिटावर वाचून मराठीत मोठ्या अक्षरात लिहून द्या. गोळी टाकल्यावर अर्धा तास तरी थांबून मगच पाणी प्यायचं. पाणी गढूळ असेल तर आधी कापडाने गाळून घ्यावं लागतं, नाहीतर क्लोरीन गाळातच खर्ची पडतं.

निघण्यापूर्वी तहसील कार्यालयाला किंवा १०७७ वर जिल्हा नियंत्रण कक्षाला फोन करून कोणत्या वाडीत काय कमी आहे ते विचारा. हे न केल्याने रस्त्याकाठच्या गावाला तीनदा मदत पोचते आणि आतली वाडी कोरडीच राहते. खोकं एकट्याने उचलता येईल असं, १०-१२ किलोचंच करा आणि आत काय आहे ते बाहेर लिहा.

प्रश्न : पैसे मुख्यमंत्री सहायता निधीला दिले तर करात सवलत मिळते का? (पुणे)

उत्तर : मिळते. प्राप्तिकरात पूर्ण रकमेची वजावट आहे, पण फक्त जुन्या करप्रणालीत. २,००० रुपयांपेक्षा जास्त रोख दिल्यास वजावट मिळत नाही. क्यूआर कोड स्कॅन केल्यावर पडद्यावर येणारं नाव वाचा. निधीऐवजी एखाद्या व्यक्तीचं नाव दिसलं तर पिन टाकू नका. व्हॉट्सअ‍ॅपवर फिरणारे कोड तर वापरूच नका, अधिकृत संकेतस्थळावरूनच पैसे भरा.

प्रश्न : अमेरिकेतला भाऊ गावाकडच्या संस्थेला पैसे पाठवू इच्छितो. (सांगली)

उत्तर : त्याच्याकडे भारतीय पासपोर्ट असेल, तर स्वतःच्या बचतीतून नेहमीच्या बँक मार्गाने पाठवू शकतो. अमेरिकन नागरिकत्व घेतलं असेल, ओसीआय (परदेशस्थ भारतीय नागरिक) कार्ड असलं तरी, ती रक्कम परदेशी देणगी ठरते. ती फक्त एफसीआरएखाली (परदेशी देणगी नियमन कायद्याखाली) नोंदणी किंवा पूर्वपरवानगी असलेल्या संस्थेलाच घेता येते. यातलं काहीच नसताना घेतली तर अडचणीत संस्था येते.

प्रश्न : आमच्या शेतात पाणी शिरलं. संस्थेने शिधा आणि बियाणं दिलं. आता सरकारी मदत कमी होईल का? (धाराशिव)

उत्तर : नाही. सरकारी मदत पंचनाम्यावर ठरते, देणगीचा तिच्याशी संबंध नाही. मदत देणाऱ्यांनीही गावात हे सांगायला हवं. शिधा मिळाला म्हणून पंचनाम्याकडे दुर्लक्ष झालं तर नुकसान कुटुंबाचंच. पिकाचं ३३ टक्के किंवा जास्त नुकसान असेल तर निकषात बसतं. पाणी असतानाच तारीख-वेळ दिसेल असे फोटो काढा. पंचनाम्याला स्वतः हजर राहा, गट नंबर आणि क्षेत्र तपासूनच सही करा. खातं आधारला जोडलेलं नसेल तर मंजूर पैसाही अडकतो. जमीन खरडून गेली असेल तर तिची नोंद पिकापासून वेगळी करून घ्या, तिची मदत वेगळी असते. यादीत नाव नसेल तर तहसीलदारांकडे लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या.